भैरोबाची राई, वीरगळ आणि श्रमदान: सूचना हव्यात, माणसंही हवीत

राईकर
नमस्कार मंडळी.

मेढ्याच्या पुढे, जावळीच्या डोंगरात आमचं गाव. वेशीबाहेर भैरोबाची राई आहे. हिरडा, जांभूळ, अंजनी, ऐन, दोन जुने आंबे, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून गेलेली गारंबीची वेल. देवळामागे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मारकशिळा आहेत. काही उभे, काही आडवे पडलेले, दोन अर्धे मातीत. एक सतीशिळाही आहे, कोपरात वाकलेला आणि बांगड्यांनी भरलेला हात असलेली. कुणाच्या आहेत, कोणत्या लढाईतल्या आहेत, गावात कुणाला सांगता येत नाही. दसऱ्याला त्यांच्यापुढे नारळ मात्र फुटतो.

चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने आपल्याकडे गावोगाव बसवली, तसलीच. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मरण पावले. दोन आकडे आहेत, नाव एकाचंही नाही. स्वातंत्र्यानंतर आमच्या गावातले दोन जवान कामी आले. त्यांची नावं शाळेच्या कमानीवर आहेत.

काही वर्षांपासून महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही राईत काम करतो. पेन्शनीला आलेले फौजी, बचतगटाच्या बायका, शाळेतली वरच्या वर्गाची मुलं आणि त्या दिवशी मुंबईहून घरी आलेलं जे कुणी असेल ते. घाणेरीची माजलेली झुडपं काढतो, जाळरेषा घेतो, म्हणजे वणवा आत येऊ नये म्हणून कडेच्या गवताची पट्टी आधीच जाळून घेतो, ओढ्याकडच्या उघड्या बाजूला रोपं लावतो. ही सगळी राईच वीरांचं स्मारक म्हणून राखायची, असा ग्रामसभेचा ठराव झाला आहे.

आता स्मारकासाठी निधी मिळायची शक्यता आहे. त्याचं अंदाजपत्रक पाहून काळजी वाटली. पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, कारंजं, हायमास्ट दिवा, फायबरची तोफ, आणि सगळे वीरगळ उपटून सिमेंटच्या चौथऱ्यावर एका रांगेत. त्यासाठी करवंदीच्या जाळ्या आणि देवळाभोवतीची लहान झाडं जातील. गावात दोन मतं आहेत आणि दोन्हीकडे मनापासून बोलणारी माणसं आहेत. मला वाटतं राई राईसारखीच राहावी आणि नावं दगडात पक्की यावीत. पण ते नेमकं कसं करायचं, यावर जाणकारांचं ऐकायचं आहे.

सडा_पठार
धागा काढलात हे फार बरं केलंत. आधी झाडांचं बोलतो.

राईत सगळ्यात मोलाचा असतो तळाचा पालापाचोळा, आणि स्वच्छता मोहिमेत सगळ्यात आधी तोच झाडून पेटवतात. तो तसाच राहू द्या. त्याच्याखाली हिरड्या-जांभळाची रोपं आपोआप उगवतात, ती शोधा, शेजारी काठी रोवून खूण करा. विकत आणलेल्या दहा रोपांपेक्षा असं एक रोप चिवट निघतं, कारण त्याचं मूळ पहिल्या दिवसापासून त्याच मातीत उतरलेलं असतं.

घाणेरी वरून छाटून सोडली तर पावसात दुपटीने फुटते. बुंध्याभोवतीची माती कुदळीने मोकळी करा, जमिनीखाली दोन-तीन बोटांवर जिथे खोड संपून मूळ सुरू होतं तिथे घाव घाला, आणि निघालेला बुंधा मुळं वर करून उलटा ठेवा. मातीला टेकला नाही की परत रुजत नाही. सगळी एकदम काढू नका. आत पक्ष्यांची घरटी आणि चांगली रोपंही असतात. पट्ट्या पाडून, फळं धरायच्या आत काढा, कारण बुलबुल ती फळं खाऊन बी सगळीकडे नेतात.

लावायला गुलमोहर, निलमोहर, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया घेऊ नका, कुणी फुकट दिले तरी. तुमच्या भागात हिरडा, बेहडा, जांभूळ, अंजनी, किंजळ, उंबर, करंज, कडेला कुडा, गेळा, करवंद, तोरण. वड-पिंपळ-उंबर वीरगळांपासून लांब, त्यांची मुळं दगड फोडतात. हायमास्ट तर नकोच. रात्रभर उजेड राहिला की घुबडं, वटवाघळं, काजवे सगळ्यांचंच बिनसतं.

सुभेदार_निवृत्त
मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली, बेळगावच्या सेंटरमधून निघालो. तुमचं काम पाहून छाती भरून आली. पण एका बाबतीत मी दुसऱ्या मताच्या बाजूने बोलणार.

फौजीला स्मारकापुढे उभं राहायला जागा लागते. २६ जुलैला कारगिल विजय दिवस, १६ डिसेंबरला विजय दिवस, शिवाय जवानाचा स्मृतिदिन. त्या दिवशी सावधान उभं राहायचं, पुष्पचक्र वाहायचं, दोन मिनिटं स्तब्ध राहायचं. वीरमाता, वीरपत्नी वयाने थकलेल्या असतात. त्यांना करवंदीच्या जाळीतून आणि जुलैच्या चिखलातून नेणार का? स्वच्छ अंगण, ध्वजस्तंभ, बसायला कट्टा, चुना-गेरूची सरळ रेघ, हे आमच्यासाठी दिखाऊपण नाही. गेलेल्या साथीदाराला मान देण्याची आमची रीत ती आहे.

कामाचं म्हणाल तर रोस्टर लावा. ज्याला वाटेल तो येईल, असं ठेवलं की शेवटी तेच चार जण राबतात. नावं लिहून भिंतीवर लावा, कुणाचा महिना कोणता, हत्यारं कुणाच्या ताब्यात. आमच्याकडे फटीगला, म्हणजे फौजेतल्या अंगमेहनतीच्या कामाला, कुणी सुटत नसे.

राईकर
सुभेदार साहेब, जय हिंद. तुमचं म्हणणं पटलं. वीरमातेला चिखलातून नेण्याचं आमच्याही मनात नाही. राईच्या पूर्वेला, शाळेच्या अंगाला गावाचं जुनं खळं आहे. मळणी यंत्रं आल्यापासून ते पडूनच असतं. सपाट, मुरमाड, एकही झाड न तोडता मोकळं मिळणारं. ध्वजस्तंभ, कट्टा, मानवंदना सगळं तिथे होऊ शकेल. समोर राई येते.

शिळाशोध
वीरगळांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं आणि तेही भल्या हेतूने.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत लढाई आणि वीराचं मरण. तिथे गाई कोरलेल्या असतील तर तो गोधन सोडवताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. बोरिवलीच्या एकसरला वीरगळांवर चक्क नौकांची लढाई आहे. तुमच्या जिल्ह्यातच वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळात वीरगळांची मोठी संख्या आहे, एकदा सगळ्या स्वयंसेवकांना घेऊन तिथे जाऊन या.

बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. त्यामुळे मूर्तीची झीज म्हणजे उरलेली सगळी ओळखच जाणं. तारेचा ब्रश, ॲसिड, ऑइलपेंट, वॉर्निश यांतलं काहीही लावू नका. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. चिकटून बसलेलं दगडफूल खरवडू नका, त्याच्याबरोबर दगडाचा पापुद्रा येतो. शेंदूर लावलेला दगड एखाद्या भावकीचा देव असेल तर तो तसाच ठेवा, त्या लोकांना विचारल्याशिवाय हात नको.

हलवायचं असेल तर आधी मोजमाप, चारी बाजूंनी फोटो, आणि कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून होता त्याचा नकाशा. शंभर वर्षांवरची कोरीव शिळा १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा, त्यांचा माणूस येऊन सांगेल त्याप्रमाणे उभं करा. सिमेंटमध्ये पक्कं करणं सर्वांत वाईट. ओल खाली अडते, क्षार वर चढतात आणि तळची चौकट, म्हणजे लढाईच, आधी झिजते. खड्डा, खाली दगडगोट्यांचा थर, बाजूने चिपांची पाचर, वर मुरूम, एवढ्यावर वीरगळ शतकं उभे राहिले आहेत.

एक युक्ती सांगतो. झिजलेला वीरगळ दिवसा सपाट दिसतो. रात्री एकाने टॉर्च दगडाच्या कडेला लावून उजेड पृष्ठभागावरून आडवा सोडायचा, दुसऱ्याने समोरून फोटो घ्यायचा. ढालीची कड, घोड्याचा लगाम, गाईचं शिंग, सगळं उठून येतं. शाळेच्या मुलांना हे काम द्या, ती दगडापासून हलणार नाहीत.

गावचा_पोरगा
मी याच तालुक्यातला. सगळे राईवर प्रेम करतात, पण आमच्याकडे पोरांना काम नाही हेही कुणी लिहावं. महाबळेश्वर, कास बघायला लाखो लोक येतात. त्यातले थोडे इकडे वळले तर चार घरांत चहा-नाष्टा विकला जाईल. चांगला रस्ता आणि दिवे नसतील तर कोण येणार? पावसाळ्यात देवळापर्यंतची वाट इतकी निसरडी होते की म्हातारी माणसं पडतात. पेव्हर ब्लॉक त्यासाठीच सुचवले असतील.

सडा_पठार
वाटेची अडचण खरी आहे. त्यावर उपाय तुमच्याच भागात आहे. जुन्या घाटवाटांना असते तशी सुट्या दगडांची फरसबंदी, उताराला आडवी पायरी, कडेला पाण्याला चर. सिमेंट न घालता बसवली की पाणी मुरतं, मुळांना हवा मिळते, आणि काम गावातल्याच गवंड्याला मिळतं. पेव्हर ब्लॉकवर जावळीच्या पावसात शेवाळ धरतं, मग तिथेही माणसं घसरतात. येणाऱ्यांसाठी म्हणाल तर वीरगळ समजावून सांगणारी गावातली चार पोरं तयार करा. लोक तोफेपुढे फोटो काढून पाच मिनिटांत निघून जातात. गोष्ट सांगणारा असला की थांबतात, चहाही घेतात.

रानजाई
रोपांवर बोलते. आमच्या गावात पाणी घालायचं काम बचतगटाकडे होतं, म्हणून अनुभवाचं सांगते.

जूनमध्ये फोटो काढत रोप लावणं सोपं असतं. त्याचा जीव जातो फेब्रुवारी ते मे. मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घालायची, मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, भरून वर झाकण ठेवायचं, नाहीतर डास होतात. भोवती गवताचं जाड आच्छादन. आठवड्याला एकदा भरलं तरी रोप तग धरतं. असे निदान तीन उन्हाळे काढायचे. म्हणून जेवढ्या रोपांना मेमध्ये पाणी नेऊ शकाल तेवढीच जूनमध्ये लावा, एक जास्त नको.

आणि पाणी कोण वाहणार ते आधी ठरवा. डोक्यावर हंडा घेऊन चढणारी बाईच असते. तिचं नाव रोस्टरमध्ये तर हवंच, ठरावाच्या बैठकीतही हवं.

नव्या_मुंबईचा_जावळीकर
प्रत्येक शहिदाच्या नावाने एक झाड लावून त्यावर पाटी लावली तर? मुंबईतल्या आमच्या मंडळातर्फे पाट्या आणि ट्री गार्डचा खर्च करू. घरच्यांनाही बरं वाटेल.

राईकर
दादा, मदतीबद्दल मनापासून आभार. पण यावर आमचा अनुभव सांगतो, कारण या प्रश्नावर माझं मत तिथेच पक्कं झालं.

मागे एका संस्थेने असाच कार्यक्रम केला होता. मंडप, पाहुणे, नावाच्या पत्र्याच्या पाट्या, लोखंडी पिंजरे. पाऊस संपल्यावर त्यांच्यातलं कुणी फिरकलं नाही. एप्रिलमध्ये आमच्या एका जवानाच्या नावाचं रोप वाळून काडी झालं, पाटी तशीच लटकत राहिली. त्याची आई त्या वाटेने शेतावर जायची. तिने वाट बदलली, लांबच्या बांधावरून जायला लागली. शेवटी तिच्याच पुतण्याने पाटी काढून घरी आणली.

झाड जगतं किंवा मरतं, त्यात कुणाचा दोष नसतो. वणवा, वाळवी, गुरं, वादळ, काहीही होऊ शकतं. एका मुलाचं नाव एका रोपाला बांधलं की ते रोप गेल्यावर आईला तो दुसऱ्यांदा जातो. म्हणून नावं दगडावर, आणि राई सगळ्यांची मिळून. मंडळाला खर्च करायचाच असेल तर पाणी चढवायला पाइप आणि टाकी द्या. त्याचीच सर्वांत जास्त नड आहे.

नव्या_मुंबईचा_जावळीकर
पटलं. मंडळाच्या बैठकीत टाकी आणि पाइपचं मांडतो. किती लिटरची, उंची किती, ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ट्रेंटकाठी
मी इंग्लंडमध्ये मिडलँड्समध्ये राहते. इथे स्टॅफर्डशरमध्ये ऑलरवसला नॅशनल मेमोरियल आर्बोरिटम, म्हणजे राष्ट्रीय स्मारक वृक्षउद्यान आहे. खडीच्या जुन्या खाणीच्या जागेवर झाडं लावून केलेलं, दीडशे एकरांचं, २००१ साली खुलं झालं. झाडांमध्ये शेकडो स्मारकं आहेत. २००७ साली सैन्यदलांचं मोठं स्मारक झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर सेवेत मरण पावलेल्यांची १६ हजारांहून अधिक नावं त्याच्या भिंतींवर आहेत आणि पुढच्यांसाठी जागा कोरी ठेवली आहे. ती कोरी भिंत पाहून पोटात कालवतं. भिंतीत एक फट अशी आहे की ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता ऊन तिच्यातून येऊन मधल्या पुष्पचक्रावर पडतं.

एका भागात तीनशेहून अधिक लाकडी खांब आहेत. पहिल्या महायुद्धात पळून गेल्याबद्दल, घाबरल्याबद्दल आपल्याच सैन्याने गोळ्या घातलेल्या शिपायांचे. त्यांनाही तिथे जागा दिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तुम्हाला उपयोगी पडेल ते एवढंच, की ते चालतं स्वयंसेवकांवर. वाट दाखवणारे वेगळे, बागकाम करणारे वेगळे, ज्याला जे जमतं ते. बागकामातलं ज्यांना झेपत नाही असे वयस्क लोक आलेल्यांना नाव शोधून द्यायला मदत करतात. तुमच्या गावातल्या थकलेल्या फौजींना असं काम द्या, हातात कुदळ असायलाच हवी असं नाही.

जुनी_कागदपत्रं
चावडीवरच्या पाटीबद्दल लिहायचं आहे. त्यातले आकडे म्हणजे माणसं आहेत आणि त्यांची नावं शोधता येतील.

राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्यांची यादी आहे, फुकट शोधता येते. हिंदी शिपायांच्या अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. सातारा आणि तुमच्या तालुक्याचं नाव टाकून, पलटणीचा क्रमांक घालून बघा. गावाचं नाव इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून पाच-सहा प्रकारे लिहून पाहावं लागतं. हे काम गावातल्याच माणसाने करावं, कारण वाकडं लिहिलेलं नाव पाहून हे तर आपल्या वरच्या आळीचं आडनाव, हे त्यालाच कळतं.

आपल्याकडची बरीच माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात होत्या, २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि पुढे कैदेत कितीतरी मेले. ज्यांची कबर नाही अशा ४० हजारांहून अधिक लोकांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथे गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या. आयोगाच्याच समितीने २०२१ च्या अहवालात ही विषमता मान्य केली. म्हणजे बसऱ्यालाही आकडा आणि तुमच्या चावडीवरही आकडा. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाने त्या युद्धात ४६ माणसं गमावली, ते गाव तरी सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यासारख्या गावांची नावं गावानेच शोधायला हवीत.

शिवाय जुन्या घरांत त्या युद्धाची पदकं, मेलेल्यांच्या घरी पाठवलेले गोल फलक, पेन्शनची कागदं असतात. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरात कोरलेली असते. भिंग घेऊन बसा. पदक घासून चकचकीत करू नका, तीच कड झिजते.

राईकर
अंगावर काटा आला. आमच्या भावकीत एका घरी देव्हाऱ्यात असं पदक आहे, त्याला रोज कुंकू लागतं. त्या काकूंना विचारून कड वाचायला बसतो.

सातबारा
एक तांत्रिक गोष्ट. राईची जमीन कुणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. गावठाण, गायरान, देवस्थान की वनखातं? वनखात्याची असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यामुळे चौथरा, कारंजं तिथे परवानगीशिवाय होऊच शकत नाही, आणि तुमचा वाद अर्ध्याहून अधिक तिथेच मिटेल. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत राईची आणि तिच्यातल्या झाडांची नोंद करून घ्या. निधीचं अंदाजपत्रक बदलून मागता येतं, पण ग्रामसभेने तसा नवा ठराव करून द्यायला हवा. तोंडी हरकतीला अर्थ नाही.

डोंगरकडा
वणव्याचं विसरू नका. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं या समजुतीने आपल्याकडे दर वर्षी डोंगर पेटतात. जाळरेषा डिसेंबरात, गवत पिवळं पडताच घ्यायची. सकाळी दव असताना, वनरक्षकाला सांगून, दोन्ही कडांना हिरव्या फांद्या घेतलेली माणसं उभी करून. फेब्रुवारीत घ्यायला गेलात तर तीच आग राईत शिरेल. शेजारच्या वाडीलाही रोस्टरमध्ये घ्या, आग बहुतेक वेळा त्यांच्या अंगाने येते.

राईकर
सातबारा काढला. जमीन देवस्थानच्या नावावर आहे, वनखात्याची नाही. म्हणजे ग्रामसभेतच निभवावं लागणार.

काल सभा झाली. सुभेदार साहेबांचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला आणि रानजाईताईंचाही. खळ्यावर ध्वजस्तंभ आणि कट्टा यावर एकमत झालं. वाट दगडी फरसबंदीची. कारंजं आणि तोफ वगळली. हायमास्टवर अजून वाद आहे. सरपंचांचं म्हणणं, खळ्यावर तरी एक दिवा हवा. तेवढ्याला आम्ही तयार आहोत, खाली तोंड असलेला आणि बंद करता येणारा. वीरगळांना पुरातत्त्व विभागाचा माणूस येईपर्यंत हात लावायचा नाही, असं लेखी झालं.

नावांचा दगड काळ्या पाषाणाचा, शेजारच्या गावच्या पाथरवटाकडून, अक्षरं खोल कोरून. ज्याच्या नावाचं रोप वाळलं होतं त्या जवानाच्या आईला विचारलं की मुलाचं नाव कुठे हवं. त्या म्हणाल्या, "त्या पाटीतल्या लोकांच्या संगतीनं लावा, एकटं नको." म्हणून महायुद्धातली नावं सापडेपर्यंत दगड थांबवला आहे. शोधायचं काम शाळेचे एक गुरुजी आणि मी घेतलं आहे.

सुभेदार_निवृत्त
उत्तम निर्णय. पुढच्या पहिल्या रविवारी मी येतो. सोबत दोन जण असतील, एकाचा गुडघा कामातून गेलेला आहे, त्याला यादीचं काम द्या.

ट्रेंटकाठी
नावं इंग्रजीत वाचून मिळतीजुळती शोधायला मी इथून बसू शकते. रविवारी दुपारी मला वेळ असतो.

राईकर
दोघांचंही स्वागत. ताई, गावातल्या आडनावांची आणि आसपासच्या वाड्यांची यादी आज रात्री पाठवतो.

येणाऱ्यांसाठी: साताऱ्याहून मेढ्याला एसटी आहे, मेढ्याहून गावातली जीप मिळेल, आदल्या दिवशी इथे कळवा म्हणजे थांबवून ठेवू. काम सकाळी सातला सुरू होतं. या खेपेला ओढ्याकडची घाणेरी काढायची आहे, फळं धरायच्या आत. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि असेल तर कुदळ आणा. जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी गावात मिळेल. न्याहारी बचतगटाकडून.